एकशे सत्तर किलो

गाठ उतरवताना मी बोललो होतो.
भटू मुकादमाला, मग निळ्या जाकिटातल्या साहेबाला:
हाई रुई नही भाऊ, दगड शे.
साहेब हसला. कापूस लागतो का कुणाला?

लागतो.
प्रेसमधून निघालेली गाठ
एकशे सत्तर किलो, वर लोखंडी पट्ट्या सात.
आकडा मारला की आकडाच मनगटाला सांगतो
आत काय आहे ते.
देवमनचा पाय असाच गेला, जिनिंगच्या धक्क्यावर,
आणि दवाखान्यात पाहायला आलेले सगळे विचारत होते,
कापसाखाली? कापसाखाली कसा?

तर अशा बावीस गाठी
धुळ्यात, पाचव्या गल्लीच्या वळणापासून
पांझरेच्या पुलाच्या उतारापर्यंत
आम्ही रात्रीतून लावल्या.
शर्यत शिरपूरहून येणार होती,
गावात शेवटच्या सहा फेऱ्या.
चेंबरच्या झाकणांभोवती पालिकेनं चुना मारला होता,
खड्डा दिसावा म्हणून.
खड्डा दिसत होता.

पहिल्या फेरीला वारा आधी आला,
पोरी मागून.
शंभरेक चाकांचा मिळून एकच आवाज,
पिंजाऱ्याच्या धनुकलीसारखा.

दुसऱ्या फेरीला बिकानेरची एक जण,
संतोष तिचं नाव, आमच्याकडे ते बाप्याचं,
झाकण चुकवायला आत वळली
आणि माझ्या गाठीला लागली.
माझ्याच. सतरावी. मीच ती कोपऱ्याला टेकवली होती.
हाड मोडलेलं गर्दीत कुणाला ऐकू आलं नाही.
मला आलं.
गाठ जागची हलली नाही.

तिसरी फेरी कुणी केली नाही.
म्हणजे केली, पण चालत.
सायकली हातात धरून, बुटांच्या खडखडाटात,
वेगवेगळ्या रंगांच्या, वेगवेगळ्या पगारांच्या,
सकाळपासून एकमेकींचा आडोसा चोरणाऱ्या त्या सगळ्या
घोळक्यानं आल्या आणि रेषेपाशी खाली बसल्या.

माइकवाला म्हणाला, तांत्रिक कारण.
पाच मिनिटांनी म्हणाला, किरकोळ तांत्रिक कारण.
मंचावर पाहुण्यांचे फेटे उन्हात तसेच.
जाळीमागून कुणी ओरडलं,
पैसे घेता ना? मग पळवा!
एकीनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं
आणि हातातली बाटली शेजारणीला दिली.

साहेब म्हणत होता, उरलेल्या हळू करा,
नुसत्या दाखवायला करा.
त्यांची म्होरकी मणिपूरची, लिंथोई.
ती काही बोलली नाही. बूट काढले,
मोज्यांवर चालत वळणापर्यंत आली,
गाठीवर अंगठा दाबला.
अंगठा आत गेला नाही.
मग माझ्याकडे पाहून हिंदीत विचारलं,
हे काय आहे?

गाठ किती जड, हे लोक विचारतात.
किती भावाची, हेही.
काय आहे, असं सव्वीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

मी कमरेची कात्री काढली.
भटू ओरडला, हिलाल, मालकनी शे ती!
पहिली पट्टी बंदुकीसारखी वाजली,
पोलीस वळले.
तिसरी. पाचवी.
सातवीला गाठीनं आत धरलेला श्वास सोडला,
गोणपाट फाडून फुगत गेली, थरावर थर,
छातीएवढी, दाराएवढी,
अर्धा रस्ता पांढरा.
लिंथोईनं त्यात कोपरापर्यंत हात घातला
आणि बराच वेळ काढला नाही.

टप्पा रद्द झाला. वेळा धरल्या नाहीत.
माझी अकरा दिवसांची हजेरी कापली.
एकवीस गाठी संध्याकाळी आम्हीच ट्रकवर चढवल्या,
सुटलेली मात्र चढेना,
जितकी कोंबावी तितकी बाहेर.
रात्री गल्लीतल्या बाया आल्या,
परातीत, ओच्यात भरून नेऊ लागल्या,
उशांना होईल म्हणून.
एकीनं उचलता उचलता विचारलं,
दादा, लहान पोरासाठी आहे.
यात टोचण्यासारखं काही नाही ना?

मी हात घालून पाहिलं.
मग परत एकदा पाहिलं.